आवाज मोजताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न भाषाशास्त्राचे विद्यार्थी, गाणं शिकणारे आणि शिकवणारे, वाक्‌-उपचार शिकणारे आणि मराठीसाठी अ‍ॅप बनवू पाहणारे सतत पाठवत असतात. बहुतेकांची गाडी एकाच जागी अडते. संगणक आकडा देतो आणि तो आकडा खरा धरला जातो. म्हणून इथे आकड्यांपेक्षा ते कुठे फसवतात यावर जास्त लिहिलं आहे. उत्तरं सुटी वाचली तरी चालतील. एकच गोष्ट दोनदा सांगायची वेळ आली तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. आवाजाचं विश्लेषण म्हणजे नक्की काय मोजतात?

ढोबळमानाने चार गोष्टी: सूर किती उंच आहे, आवाज किती मोठा आहे, कुठला ध्वनी किती वेळ चालला, आणि ऊर्जा कोणकोणत्या वारंवारतांना साठली आहे. पहिल्या तीन गोष्टी कानालाही कळतात. चौथीमुळे 'ई'चा ई आणि 'ऊ'चा ऊ होतो, आणि बहुतेक घोळही तिथेच होतात.

२. सूर आणि फॉर्मंट यांत फरक काय? दोन्ही हर्ट्झमध्येच मोजतात ना?

एकक एकच आहे, पण उगम वेगळे. स्वरतंतू सेकंदाला जितक्या वेळा मिटतात-उघडतात तो सूर. बोलताना पुरुषांचा साधारण १०० ते १५० हर्ट्झ, स्त्रियांचा १८० ते २५०, लहान मुलांचा ३०० च्या आसपास किंवा वर. फॉर्मंट म्हणजे घशापासून ओठांपर्यंतच्या पोकळीचा अनुनाद. नळाखाली हंडा भरताना आवाज चढत जातो तो पाण्याची धार बदलते म्हणून नव्हे, तर आतली हवेची जागा कमी होते म्हणून. तोंडात जीभ आणि ओठ हेच काम करतात.

स्रोत वेगळा आणि गाळणी वेगळी, ही मांडणी स्वीडनच्या गुन्नार फांट यांनी १९६० मध्ये गणिती पायावर पक्की केली. तिचं सर्वात साधं रूप कागदावर करून बघता येतं. स्वरतंतूंच्या बाजूला बंद आणि ओठांच्या बाजूला उघडी अशी १७.५ सेंटिमीटरची सरळ नळी घ्या. उबदार हवेत ध्वनीचा वेग सेकंदाला ३५० मीटर धरला, तर पहिला अनुनाद ३५० भागिले (४ गुणिले ०.१७५), म्हणजे ५०० हर्ट्झला येतो. पुढचे त्याच्या तिप्पट आणि पाचपट, १५०० आणि २५०० ला. पुरुषाने जीभ सैल ठेवून म्हटलेला 'अ' जवळपास तिथेच सापडतो. नळी १४.५ सेंटिमीटरची केली की पहिला अनुनाद ६०० च्या वर सरकतो. स्त्रियांचे फॉर्मंट वर असण्याचं मुख्य कारण हेच.

घरी करून बघा. एकाच सुरात 'आ-ई-ऊ' म्हणा. सूर हलत नाही, फॉर्मंट हलतात. आता 'आ' धरून सा-रे-ग म्हणा. सूर चढतो, फॉर्मंट बहुतांशी जागेवर राहतात. हेलियम ओढलेल्या माणसाचा आवाज कार्टूनसारखा होतो त्यातही स्वरतंतूंची गती फारशी बदललेली नसते. हलक्या वायूत ध्वनी जोरात पळतो, म्हणून फॉर्मंट वर उडतात.

३. कुठलं सॉफ्टवेअर वापरू? पैसे पडतात का?

प्रात (Praat) वापरा. अ‍ॅमस्टरडॅम विद्यापीठातल्या पॉल बूर्स्मा आणि डेव्हिड वेनिंक यांनी केलेलं आहे, फुकट आहे, विंडोज, मॅक आणि लिनक्सवर चालतं आणि जुन्या लॅपटॉपवरही कुरकुर करत नाही. दिसायला ओबडधोबड आहे, पण आठवड्याभरात हात बसतो. पुढच्या उत्तरांतल्या सगळ्या सेटिंग प्रातच्या आहेत.

४. मोबाइलवर रेकॉर्ड केलेलं चालेल का? व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली व्हॉइस नोट?

मोबाइलवर न दाबलेली (अनकम्प्रेस्ड) डब्ल्यूएव्ही फाइल देणारं रेकॉर्डर अ‍ॅप घेतलंत, तर सूर आणि कालावधी बिनधास्त मोजा. फॉर्मंट जपून मोजा. 'आवाज किती मोठा' हे मोजूच नका, कारण फोन आपल्या मनाने आवाज कमी-जास्त करतो आणि मागचा गोंगाट पुसायला जातो. प्रात डेसिबलचा आकडा दाखवतं, पण माइकचं अंशांकन (कॅलिब्रेशन) केलेलं नसेल तर तो फक्त त्या फाइलपुरता खरा. काल हातभर अंतरावरून आणि आज वीतभर अंतरावरून बोललात तर आवाज 'वाढला' असंच दिसणार.

व्हॉट्सअ‍ॅपची व्हॉइस नोट दाबलेली असते. तिच्यातून सूर निघतो, बारीक घर्षणाचे ध्वनी भरवशाचे राहत नाहीत. साधी फोन लाइन त्याहून वाईट. ती ३०० ते ३४०० हर्ट्झच नेते, म्हणजे 'ई'चा पहिला फॉर्मंट खालच्या काठावर आणि 'स'चा बहुतेक भाग वरच्या काठाबाहेर. एमपी३ नंतर डब्ल्यूएव्हीमध्ये बदलून काही परत मिळत नाही, गेलं ते गेलं.

जागा म्हणाल तर कपड्यांनी भरलेलं उघडं कपाट समोर आणि पंखा बंद. फरशी आणि रिकाम्या भिंतींची मोठी खोली नको.

५. स्पेक्ट्रोग्रामवर माझ्याकडे उभ्या रेघा दिसतात, मैत्रिणीकडे आडव्या. चुकलं कोण?

कोणीच नाही. स्पेक्ट्रोग्राम म्हणजे वेळ आडवी, वारंवारता उभी आणि ऊर्जा जास्त तिथे काळं असं आवाजाचं चित्र. ते काढताना एका वेळी आवाजाचा जेवढा तुकडा बघतात ती खिडकी, आणि तिची लांबी दोघींकडे वेगळी ठेवलेली आहे. ५ मिलिसेकंदांची खिडकी घेतली की वेळ बारकाईने दिसते आणि स्वरतंतूंचा एकेक ठोका उभी रेघ होतो. फॉर्मंट काळ्या पट्ट्यांसारखे दिसतात. ३० मिलिसेकंदांची घेतली की वारंवारता बारकाईने दिसते आणि सुराच्या पटीतले एकेक स्वरांश आडव्या रेघा होतात. बोलणं बघायचं असेल तर पहिली, मींड (एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं) बघायची असेल तर दुसरी. दोन्ही बारकावे एकाच चित्रात मिळत नाहीत, हा गणिताचाच नियम आहे.

६. सुराची रेघ मध्येच दुप्पट किंवा निम्मी होते. माझा आवाज खरंच उडी मारतो का?

क्वचित मारतो. बहुतेक वेळा शोधायची मर्यादा चुकलेली असते. प्रातच्या जुन्या आवृत्त्यांत ही मर्यादा मुळात ७५ ते ६०० हर्ट्झ असे. नव्यात ती बदलली आहे, म्हणून आधी आपल्याकडे काय आहे ते बघा.

गाणाऱ्यांसाठी हे रोजचं दुखणं आहे. काळी चारमध्ये गाणारी बाई घ्या. मध्य षड्ज साधारण २०८ हर्ट्झ, तार षड्ज ४१५ आणि तार पंचम ६२३. वरची मर्यादा ६०० असेल तर पंचम लागतो आणि रेघ ३११ वर कोसळते. आता काळी एकमध्ये गाणारा पुरुष. मध्य षड्ज १३८.६, खर्जातला षड्ज ६९.३. खालची मर्यादा ७५ असेल तर तो दिसणार नाही, किंवा दुप्पट होऊन दिसेल. गुरुजींचा खर्ज चांगला घुमत असताना शिष्य आलेख घेऊन 'इथे सूर नाही' म्हणतो, तो या ७५ मुळे.

मग खालची मर्यादा सरसकट ३० का ठेवू नये? कारण प्रात त्या मर्यादेच्या तीन आवर्तनांएवढी खिडकी घेतं. ७५ ला ती ४० मिलिसेकंद होते, ३० ला १००. सेकंदाला आठ स्वरांच्या तानेत एकेक स्वर १२५ मिलिसेकंदांचा असतो. १०० च्या खिडकीत तो शेजाऱ्यांत मिसळून जातो. पट्टी विचारा, गाण्याचा आवाका काढा, त्याच्या थोडं खाली आणि थोडं वर मर्यादा ठेवा.

आवाज खरोखर खरखरीत असेल, किंवा वाक्याच्या शेवटी कुरकुरत खाली जात असेल, तेव्हा मात्र उडी खरी असू शकते. उभ्या रेघांमधलं अंतर (प्रश्न ५) हाताने मोजून खात्री करा.

७. माझ्या 'ऊ'ला प्रात एकच फॉर्मंट दाखवतं, पुस्तकात दोन आहेत. असं का?

'ऊ'चे पहिले दोन फॉर्मंट एकमेकांना खेटून असतात. पीटरसन आणि बार्नी यांच्या १९५२ च्या मोजणीत अमेरिकी पुरुषांचा ऊसारखा स्वर ३०० आणि ८७० ला आहे, तर ईसारखा २७० आणि २२९० ला. प्रातला आपण सांगतो की अमुक हर्ट्झपर्यंत पाच फॉर्मंट शोध. ही मर्यादा पुरुषांसाठी ५०००, स्त्रियांसाठी ५५०० ठेवायची शिफारस आहे. पुरुषाच्या आवाजाला ती ५५०० किंवा जास्त ठेवली की पाच फॉर्मंट वरपर्यंत पसरतात आणि खालचे दोन मिळून एकच हाती येतो. मर्यादा खाली आणा आणि प्रातने फॉर्मंट म्हणून ठेवलेले लाल ठिपके काळ्या पट्ट्यांवर बसतात का ते डोळ्यांनी बघा. बसत नसतील तर तो आकडा तक्त्यात घालू नका, मग मार्गदर्शक काहीही म्हणोत.

आणि अमेरिकी आकडे मराठी स्वरांचं 'बरोबर उत्तर' म्हणून वापरू नका. ते तुलनेसाठी आहेत.

८. 'म', 'न' आणि नाकातले स्वर यांचे फॉर्मंट विचित्र येतात. का?

नाकाची वाट उघडली की काही वारंवारता गिळल्या जातात. प्रात फॉर्मंट शोधायला वापरतं ती एलपीसी (लिनिअर प्रेडिक्टिव्ह कोडिंग) पद्धत फक्त शिखरं जाणते, खड्डे नाही. मग ती खड्ड्याच्या शेजारी खोटं शिखर उभं करते. नाकातल्या ध्वनींसाठी आकड्यावर न जाता स्पेक्ट्रम (एका क्षणी कुठल्या वारंवारतेला किती ऊर्जा आहे त्याचा आलेख) काढून बघा.

जाता जाता: या पद्धतीच्या पायाभरणीत जपानच्या इताकुरा आणि साइतो यांच्याबरोबर बेल लॅब्जमधले बिष्णू अटल आहेत. ते बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत शिकलेले. मोबाइलवर आपलं बोलणं थोडक्या जागेत कोंबून पाठवण्याच्या तंत्राच्या मुळाशी हेच काम आहे.

९. माझ्या पाच वर्षांच्या मुलीचे फॉर्मंट मोजता येतील का?

येतील, पण आकडा सैल धरा. सूर ४०० हर्ट्झ असेल तर ऊर्जा फक्त ४००, ८००, १२०० अशा जागीच असते. खरा फॉर्मंट ६०० ला असेल तर तिथे दाखवायला काही नसतं, आणि मोजणी ४०० किंवा ८०० कडे ओढली जाते. वरची मर्यादा ८००० पर्यंत न्यावी लागू शकते. तार सप्तकात गाणाऱ्या बाईचीही हीच गत. त्या उंचीवर 'ई' आणि 'आ' कानालाही सारखेच वाटू लागतात, तेव्हा दोष सॉफ्टवेअरचा नाही.

१०. मराठीतले दोन 'च' आणि दोन 'ज' चित्रात वेगळे दिसतात का?

अगदी स्वच्छ. 'हे जग' आणि 'तू जग' ही जोडी रेकॉर्ड करा. अक्षर एकच, ध्वनी दोन. 'तू जग'मधला दंततालव्य ध्वनी 'स'च्या घराण्यातला, त्याचं घर्षण वरच्या पट्ट्यात गोळा होतं, बहुधा ४००० हर्ट्झच्या पुढे. 'हे जग'मधला तालव्य 'श'कडे झुकतो आणि घर्षण त्याच्या बरंच खालून सुरू होतं. 'चार' आणि 'चारा' यांतही तेच. घर्षणाच्या भागाचा स्पेक्ट्रम घेऊन त्याचा गुरुत्वमध्य, म्हणजे ऊर्जेच्या वजनाने काढलेली सरासरी वारंवारता, काढा. एका माणसाच्या दोन ध्वनींची तुलना करा, दोन माणसांची नको.

इथे रेकॉर्डिंगचा दर्जा सगळं ठरवतो. फोनच्या ३४०० हर्ट्झच्या कुंपणात (प्रश्न ४) हा फरक जवळजवळ मरतो. तरी फोनवर 'तू जग' ऐकताना आपला गोंधळ होत नाही, कारण अर्थ मदतीला येतो. बोलणारं यंत्र बनवणाऱ्यांनी ही जोडी लिपीच्या भरवशावर सोडू नये. उच्चारकोशात दोन वेगळी चिन्हं लागतातच.

११. महाप्राण मोजायचा कसा? ख आणि घ दोन्हींना एकच माप लावलं तर?

एकच माप पुरत नाही, आणि हे मराठीनेच दाखवून दिलं आहे. लिस्कर आणि अ‍ॅब्रॅमसन यांनी १९६४ मध्ये अकरा भाषांमध्ये व्हीओटी मोजला, म्हणजे स्फोटापासून (अडवलेली हवा सुटते त्या क्षणापासून) स्वरतंतू थरथरू लागेपर्यंतचा वेळ. त्यांत मराठी, हिंदी आणि तमिळ होत्या. क, ख, ग हे तिघे या मापाने सुटे होतात. 'ग'मध्ये थरथर स्फोटाच्या आधीच चालू असते, 'क'मध्ये स्फोटानंतर लगेच, 'ख'मध्ये बऱ्याच उशिरा. पण 'घ' येऊन 'ग'च्याच रांगेत उभा राहतो.

'घ'ची ओळख स्फोटानंतर आहे. पुढच्या स्वराची सुरुवात हवाळ होते, स्वरतंतू नीट मिटत नाहीत. तिथे पहिला स्वरांश दुसऱ्यापेक्षा ठळकपणे वर येतो. 'गार' आणि 'घार' घ्या, स्वराच्या पहिल्या ३०-४० मिलिसेकंदांत पहिल्या दोन स्वरांशांमधला डेसिबलचा फरक मोजा, मग तोच स्वराच्या मध्यावर मोजा. 'घार'मध्ये तो सुरुवातीला मोठा असतो आणि ओसरत जातो, 'गार'मध्ये तसा उतार दिसत नाही. शब्द 'आ'चेच निवडा. 'घी'सारख्या शब्दात 'ई'चा पहिला फॉर्मंट पहिल्या स्वरांशाच्या जवळ असतो आणि तोच त्याला उचलतो, मग श्रेय कोणाला द्यायचं कळत नाही.

आणि 'फ' टाळा. आपल्यातले बरेच जण 'फळ' ओठ-दातांत घासून म्हणतात. तिथे स्फोटच नसतो, व्हीओटी कशाचा मोजणार? ख, ठ, थ बरे.

१२. 'ळ' आणि 'ण' स्पेक्ट्रोग्रामवर कसे ओळखू?

आधीच्या स्वराच्या शेवटाकडे बघा. जीभ मागे वळू लागते तसा तिसरा फॉर्मंट खाली येतो. 'काल' आणि 'काळ', 'मन' आणि 'मण' एकाखाली एक लावा. 'काळ'मध्ये तिसरी पट्टी दुसरीकडे झुकताना दिसेल. 'काल'मध्ये तसं नाही. मूर्धन्य ध्वनी आधीच्या स्वरात जास्त बोलतात, नंतरच्या स्वरात कमी. म्हणून शब्दाच्या सुरुवातीचा 'ट' आणि 'त' वेगळे करणं त्यामानाने अवघड जातं.

वऱ्हाडी किंवा अहिराणी बोलणाऱ्यांच्या रेकॉर्डिंगमध्ये 'डोळा'चा 'डोया' आला तर पट्ट्यांची चाल वेगळी असते. दुसरा फॉर्मंट वर चढतो आणि तिसरा झुकत नाही. याची नोंद 'चूक' म्हणून करू नका. तो त्या बोलीचा उच्चार आहे.

१३. ऱ्हस्व-दीर्घ इकार-उकार बोलण्यात खरंच वेगळे असतात का?

मोजून बघा, वाद मिटतो. एकाच चौकटीत ('मी ___ म्हणालो') शब्द घाला आणि प्रत्येक शब्द अनेकदा म्हणवून घ्या. लेखी दीर्घापेक्षा शब्दातली जागा जास्त बोलते असं बहुतेकांना दिसतं. म्हणणाऱ्याला कागद दाखवू नका. कागद दिसला की माणूस शुद्धलेखन वाचतो.

१४. गाण्याचा आलेख हर्ट्झमध्ये काढू की सेंटमध्ये?

सेंटमध्ये. सेंट म्हणजे सप्तकाचा बाराशेवा भाग. पांढरी एक ते काळी एक हे अंतर मध्य सप्तकात (१३०.८ पासून) ७.८ हर्ट्झ आहे, तार सप्तकात १५.६. कानाला दोन्ही सारखीच, १०० सेंट. सूत्र: १२०० गुणिले, स्वर भागिले षड्ज याचा दोनच्या पायाचा लॉग. षड्ज त्या मैफलीतल्या तानपुऱ्यावरून घ्या, पट्टीच्या छापील आकड्यावरून नको. तानपुरा मागे वाजत असेल तर सुराची रेघ त्याच्यामागे धावू शकते, म्हणून गळ्याचा माइक वेगळा ठेवा. मींडेच्या स्वराची सरासरी काढू नका. ती कुठेच न लागलेला स्वर दाखवते.

१५. माझा जिटर १.२ टक्के आला. आवाज बिघडला आहे का?

एवढ्यावरून नाही. जिटर म्हणजे स्वरतंतूंच्या लागोपाठच्या आवर्तनांच्या लांबीतला फरक, शिमर म्हणजे त्यांच्या मोठेपणातला. १.०४ टक्के ही मर्यादा एमडीव्हीपी नावाच्या आवाज तपासणाऱ्या वेगळ्या प्रणालीची आहे, शिमरची ३.८१ टक्केही तिथलीच. प्रात वेगळ्या पद्धतीने मोजतं, त्यामुळे या रेषा जशाच्या तशा लागू होत नाहीत. शिवाय जिटर फक्त ताणून धरलेल्या 'आ'च्या मधल्या भागावर काढायचा, बोलण्यावर नाही. मजा म्हणजे आवाज फार खरखरीत असेल तर एकेक आवर्तनच सापडत नाही, म्हणजे जिथे या मापाची गरज जास्त तिथेच ते कुचकामी ठरतं.

आवाज तीन आठवड्यांहून जास्त बसलेला असेल तर लॅपटॉप मिटून कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जा. ते स्वरतंतू डोळ्यांनी बघतात.

१६. दोन रेकॉर्डिंगमधला आवाज एकाच माणसाचा आहे हे सिद्ध करून द्याल का?

नाही. बोटांचे ठसे आणि आवाज यांची बरोबरी १९६२ मध्ये लॉरेन्स कर्स्टा यांनी केली आणि 'व्हॉइसप्रिंट' हा शब्द रूढ झाला. पण ठसा सर्दीने बदलत नाही, आवाज बदलतो. राग, फोन, वय, खोली, सगळं त्यात मिसळतं. आज जाणकार 'हाच तो' असं न म्हणता, हा पुरावा एका शक्यतेला दुसरीपेक्षा किती जास्त बळ देतो एवढंच सांगतात.

कायद्याचा भाग थोडक्यात: दंडाधिकारी आवाजाचा नमुना द्यायला सांगू शकतात, असं सर्वोच्च न्यायालयाने रितेश सिन्हा खटल्यात २०१९ मध्ये म्हटलं. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३४९ मध्ये ते आता लिहिलेलंच आहे. नमुना न्यायवैद्यक प्रयोगशाळेत जातो. घरच्या भांडणात माझ्याकडे फाइल पाठवू नका.

१७. अ‍ॅप बनवणारे 'अकूस्टिक मॉडेल' म्हणतात ते हेच का?

नातं आहे, पण काम वेगळं. जुन्या पद्धतीत बोलणं दर १० मिलिसेकंदांना २५ मिलिसेकंदांच्या तुकड्यांत कापत, प्रत्येकातून साधारण १३ आकडे काढत आणि कुठल्या ध्वनीची शक्यता किती हे संख्याशास्त्राने ठरवत. ते ठरवणारा भाग म्हणजे अकूस्टिक मॉडेल. २०२० च्या वेव्ह२व्हेक २.० सारख्या रचना कच्च्या आवाजातूनच शिकतात, फॉर्मंट वगैरे त्यांना कोणी सांगत नाही. मराठीसाठी मोझिलाच्या कॉमन व्हॉइसमध्ये लोकांनी दिलेला आवाज खुला आहे. घेताना कोण बोलतंय ते बघा. वाचून दाखवलेल्या वाक्यांवर शिकलेलं मॉडेल बाजारातल्या बोलण्यापुढे अडखळतं, आणि प्रश्न १२ मधला 'डोया' त्याने कधी ऐकलेलाच नसतो.

१८. कुजबुजताना सूर नसतो म्हणता, मग प्रात सुराची निळी रेघ का दाखवतं?

कुजबुजीत स्वरतंतू थरथरत नाहीत. फटीतून फक्त हवा घासत जाते. फॉर्मंट मात्र असतात, पहिला तर नेहमीपेक्षा थोडा वरच, म्हणून शब्द कळतात. तिथे रेघ दिसली तर ती चूक आहे. सुराच्या सेटिंगमधली घोषाची मर्यादा (आवाज किती नियमित असला तर सूर धरायचा ती) प्रातच्या जुन्या आवृत्त्यांत मुळात ०.४५ असे. आपल्याकडे जी असेल ती थोडी वाढवा. तरीही १०० हर्ट्झच्या आसपास सरळ आडवी रेघ राहिली तर ती माणसाची नसून विजेची आहे. आपला वीजपुरवठा ५० हर्ट्झचा, आणि त्याची दुप्पट चार्जरला लावलेल्या लॅपटॉपमधून माइकमध्ये शिरते. चार्जर काढून पुन्हा रेकॉर्ड करा.